पान पिवळे का पडते?

ज्वारी गुडघाभर आली, की आपण बांधावर उभे राहून पीक पाहतो. कधी कधी खालची पाने शेंड्याकडून पिवळी पडलेली दिसतात. वरची मात्र हिरवी असतात. असे का बरे?

पान म्हणजे झाडाची चूल. मुळे पाणी आणतात. पान हवेतला कर्बवायू घेते आणि उन्हाच्या जोरावर त्यांची साखर करते. त्याच साखरेने पुढे कणसात दाणा भरतो.

ऊन धरण्याचे काम पानातले हिरवे द्रव्य करते. ते तयार व्हायला नत्र लागते. नत्र कमी पडले, की झाड जुन्या पानातले नत्र काढून नव्या पानाला देते. आई नाही का आपल्या ताटातली भाकर लेकराला देत? तसेच हे. म्हणून खालचे पान आधी पिवळे पडते. चूल मंदावते. दाणा बारीक राहतो.

हवेत शंभरात ७८ भाग नत्र आहे. पण ज्वारीला ते घेता येत नाही. म्हणून आपण शेणखत घालतो, हरभऱ्याची फेरपालट करतो. हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींतले जंतू हवेतले नत्र धरतात.

१०० किलो युरियात ४६ किलो नत्र असते. म्हणून काय भरमसाट टाकायचा? छे! पाने माजतात, खाली ऊन पोचत नाही, पीक लोळते. पैसाही गेला, दाणाही गेला. बागायती ज्वारीला निम्मे नत्र पेरताना द्यावे, निम्मे महिन्याने, ओलीवर.

वरची कोवळी पानेच पिवळी असतील, तर दुखणे निराळे. म्हणून आधी पान पाहू, मग पोते फोडू.

सांगा पाहू : खालचे पान आधी पिवळे का पडते?