दहावी आणि दुखणारं डोकं

पालकहो,

जून महिन्यात तुमच्यापैकी कुणीतरी मला गाठतंच. "सर, यंदा दहावी. तिचा खो-खो वर्षभर बंद." इकडे शाळेत पी.टी.चा तासही गणिताला जातो आणि मी गप्प बसतो. दिवाळीनंतर त्याच घरून तक्रार येते, "संध्याकाळ झाली की डोकं धरून बसते. चष्म्याचा नंबरही तपासला, काही निघालं नाही."

या दोन गोष्टींचं नातं आहे, म्हणून आज बोलतोय.

कपाळाभोवती फडकं आवळून बांधल्यासारखं, दोन्ही बाजूंनी दुखतं आणि मान-खांदे आखडलेत असं ती म्हणाली, तर बहुधा ते ताणाचं दुखणं. डोक्याचं वजन साधारण ५ किलो. वहीवर वाकून बसलं की तो भार मानेचे स्नायू तासन्तास पेलतात. त्यात परीक्षेची धास्ती. खांदे कानांकडे चढतात, दात आवळले जातात. खेळताना हेच स्नायू मोकळे होतात, मन हलकं होतं, रात्री गाढ झोप लागते. आपण नेमकं तेच बंद केलं.

दर पाऊण तासानं तिला उठवा. खांदे वर उचलून सोडायचे, हनुवटी अलगद आत ओढायची, मान सावकाश दोन्हीकडे वळवायची. दोन मिनिटं पुरतात. संध्याकाळी दोरीवरच्या उड्या, सायकल किंवा भरभर चालणं. ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटांची हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अर्ध्या तासापासून सुरुवात करा आणि काही आठवडे धीर धरा.

मात्र जिना चढल्यावर ठणका वाढला, मळमळलं, उजेड सोसवेना, तर ती अर्धशिशी असू शकते. तेव्हा पळवू नका, अंधार करून पडू द्या. डोकेदुखीनं पहाटे जाग येणं, उलट्या, तापासोबत ताठ मान, अंधूक दिसणं किंवा डोक्याला मार, यांपैकी काही असेल तर थेट डॉक्टरांकडे न्या. वरचेवर गोळी लागत असेल तर तेही त्यांना सांगा. गोळ्यांच्या सवयीनंही डोकं दुखतं.

शेवटचं सांगतो. "जा, व्यायाम कर" म्हणालात की तो तिच्यासाठी आणखी एक विषय होतो. त्यापेक्षा तुम्हीच पायात चपला सरकवा आणि तिच्यासोबत निघा. वाटेत मार्कांचं तेवढं काढू नका.