रडण्याला तारीख नसते

आजचे वाचन: श्रीमद्भागवत, स्कंध १, अध्याय ७

अश्वत्थाम्याने द्रौपदीची पाचही मुलं झोपेत मारली. ती आक्रोश करतेय, आणि अर्जुन तिला सांगतो, त्याचं शीर आणीन तेव्हा तुझे अश्रू पुसेन. म्हणजे सांत्वनसुद्धा शिक्षा होईपर्यंत थांबलं!

आपणही असंच बोलतो ना? ‘दोषींना शिक्षा झाली की मन शांत होईल.’ पण दिल्लीची निर्भया गेली २९ डिसेंबर २०१२ ला. खटला जलदगती न्यायालयात चालला, तरी फाशी झाली २० मार्च २०२० ला. सात वर्षांहून जास्त! एवढी वर्षं आई-वडिलांनी रडू कुठे ठेवायचं?

पुढे वाचा. अश्वत्थाम्याला बांधून समोर आणल्यावर द्रौपदी म्हणते, सोडा त्याला. माझ्यासारखी त्याची आई रडायला नको.

ही क्षमा मात्र तिची स्वतःची आहे. कोर्टाची वाट पाहणाऱ्या घराला ‘माफ करून टाका’ म्हणायचा हक्क आपल्याला नाही. अश्वत्थामाही मोकळा सुटला नाहीच. अर्जुनाने त्याच्या मस्तकावरचा मणी काढून घेतला, त्याला छावणीबाहेर हाकललं. न्याय हवाच. पण शोकाला न्यायाच्या रांगेत उभं करू नका.

आजची साधना: अशा घरी गेलात तर आल्याआल्या ‘केस कुठवर आली?’ विचारू नका. गेलेल्या माणसाचं नाव घ्या, त्याची आठवण काढा. जमलं तर पुढच्या तारखेला कोर्टात सोबत जा, नुसते शेजारी बसा.

राम कृष्ण हरी.