स्वतःचा घोडा

(जनावर विकत घेणे हे एका दिवसाचे काम असते, त्याला सांभाळणे हे रोजचे काम असते. महाविद्यालयात शिकत असताना पहिल्यांदाच घोडा घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने काय पाहावे, काय शिकावे आणि स्वतःला कोणता प्रश्न विचारावा, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, गावात लग्नाची वरात निघाली, की तुम्ही आधी कोणाकडे पाहता? नवरदेवाकडे की त्याच्या घोड्याकडे? खरे सांगा! पुष्कळ मुलांचे आणि मुलींचेही डोळे घोड्यावरच खिळतात. ‘कॉलेजात गेल्यावर मी स्वतःचा घोडा घेणार,’ असे कोणीतरी मनातल्या मनात ठरवूनही टाकते.

आपल्या धाराशिव जिल्ह्याला घोडे नवे नाहीत. परांडा आणि नळदुर्ग हे दोन मोठे किल्ले याच जिल्ह्यात आहेत. १६०० साली मोगलांनी अहमदनगर घेतले. त्यानंतर मलिक अंबरने परांड्याहून निजामशाहीचा कारभार पुन्हा उभा केला. त्याचे मोठे बळ चपळ घोडदळात होते. पुढे मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. ज्याला सरकारातून घोडा मिळे, तो बारगीर. जो स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन येई, तो शिलेदार. शिलेदाराचा मान मोठा होता; पण त्याचा घोडा लंगडला किंवा मेला, तर नुकसानही त्याचेच होते. स्वतःचा घोडा म्हणजे काय, हे या एका गोष्टीवरून कळते. मान तुमचा आणि भारही तुमचाच.

आता एक गंमत पाहा. लगाम, जीन, रिकीब, नाल, नालबंद, चाबूक, तबेला हे शब्द तुम्हांला परके वाटतात का? नाही ना! थोड्याफार फरकाने ते उर्दूतही आहेत. म्हणजे घोड्याची अर्धी भाषा तुम्हांला आधीच येते. उरलेली अर्धी मात्र घोड्याजवळ राहूनच शिकावी लागते.

आजच्या काळात घोडा कशाला, असे कोणी म्हणेल. २०२० साली टाळेबंदी लागली आणि वाहने बंद झाली. तेव्हा मराठवाड्यातील एका महाविद्यालयाच्या कर्मचाऱ्याने घोडा विकत घेतला. पुढे तो घोड्यावर बसूनच कामावर जाऊ लागला. २०२२ साली ही बातमी देशभर गाजली. पण एक फरक विसरू नका. त्याला दरमहा पगार मिळत होता. विद्यार्थ्याला पगार नसतो, परीक्षा असते.

समजा, तुम्ही अठरा वर्षांचे झाला आहात. शिष्यवृत्तीचे आणि सुट्टीतल्या कामाचे थोडे पैसे साठले आहेत. घरी अंगण आहे आणि अब्बांनीही होकार दिला आहे. मग घोडा कोठे मिळेल? आपल्या शेजारी लातूर जिल्हा आहे आणि त्यापलीकडे नांदेड. तेथील लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची मोठी यात्रा भरते. तेथे घोडे, उंट, गाढवे यांचा बाजार असतो. उत्तर महाराष्ट्रात सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. तेथे उंच, देखणे घोडे पाहून नवशिक्याचे मन हरखून जाते. पण बाजारात मन हरखले, की डोळे बंद होतात!

नवशिक्याला उंच घोडाच हवा असे नाही. आपल्या दख्खनचे भीमथडी तट्टू अंगाने लहान, पण काटक असते. भीमा नदीच्या खोऱ्यावरून त्याला हे नाव मिळाले. धनगर मेंढपाळ आपला संसार याच तट्टांच्या पाठीवर लादून रानोमाळ हिंडतात. अलीकडच्या वर्षांत भीमथडीला घोड्याची स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यताही मिळाली आहे. कोवळे, न शिकवलेले शिंगरू मात्र घेऊ नका. शिकणारा स्वार आणि शिकणारा घोडा एकत्र आले, तर शिकवणार कोण?

घोड्याचे वय दातांवरून कळते. अडीच वर्षांच्या सुमारास पुढचे दुधाचे दात पडू लागतात आणि साधारण पाचव्या वर्षी सगळे पक्के दात येतात. नंतर घोड्याला कठीण जमिनीवर चालवून पाहा. चालताना मान झोके खाते का? चारही पाय सारखे पडतात का? खूर उचलू देतो का? नाकातून चिकट स्राव येतो का? अंगावर गाठी किंवा जखमा आहेत का? या शेवटच्या दोन गोष्टी फार महत्त्वाच्या आहेत. ग्लँडर्स नावाचा रोग घोड्यापासून माणसालाही होतो. त्यावर लस नाही आणि रोग सिद्ध झाला, तर कायद्याप्रमाणे घोड्याला मारावे लागते. म्हणून सरकारी पशुवैद्याकडून रक्ताची तपासणी झाल्याशिवाय पैसे देऊ नका. हरयाणातील हिसार येथे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे. तेथे अशा रोगांवर संशोधन आणि तपासणी होते.

आता हिशेब करू. तुमचे तट्टू २५० किलो वजनाचे आहे असे धरा. घोड्याला रोज वजनाच्या साधारण दोन टक्के सुका चारा लागतो. म्हणजे दिवसाला ५ किलो आणि वर्षाला १,८२५ किलो. त्याशिवाय कामाप्रमाणे हरभऱ्याची चंदी, मीठ, नाल आणि औषधपाणी. पाणी रोज २५ लीटर धरले, तर महिन्याला ७५० लीटर झाले. उन्हाळ्यात ते आणखी वाढते. आपला जिल्हा दुष्काळी आहे. २०१२-१३ सालचा दुष्काळ घरातल्या मोठ्यांना विचारा. गुरे जगवण्यासाठी त्या वेळी छावण्या उघडाव्या लागल्या होत्या. घरात पिण्याचे पाणी टँकरने येत असेल, त्या दिवशी घोड्याच्या बादलीत पाणी कोण ओतणार? हा हिशेब तुमच्या बाजारातील कडब्याचा भाव घालून कागदावर मांडा. घोड्याची किंमत त्यापुढे लहान वाटू लागेल.

रोजचे कामही समजून घ्या. घोड्याचे पोट अंगाच्या मानाने लहान असते, म्हणून त्याला थोडे थोडे पण अनेक वेळा खावे लागते. सकाळी कॉलेजला जाताना मोठा भारा टाकला आणि संध्याकाळी परत आलो, असे चालत नाही. बुरशी लागलेला कडबा देऊ नये. कोवळी हिरवी ज्वारी विषारी ठरू शकते. चारा बदलायचा असेल, तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावा. रोज खरारा करावा, खुरांतील माती आणि खडे काढावेत, लीद उचलावी. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाला बोलवावे. धनुर्वाताचा धोका घोड्याला मोठा असतो. त्याला लस टोचून घ्यावी आणि स्वतःही घ्यावी.

आणि आता ती रात्र डोळ्यांसमोर आणा. सकाळी दहा वाजता विद्यापीठाची परीक्षा आहे. रात्री अकरा वाजता तुम्ही पुस्तक मिटता आणि अंगणात जाता. घोड्याने चाऱ्याला तोंड लावलेले नाही. तो पुढच्या पायाने जमीन उकरतो, वळून वळून पोटाकडे पाहतो, खाली बसतो, लोळतो, पुन्हा उठतो. त्याला घाम फुटला आहे. हा पोटशूळ आहे. घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून पोटातला त्रास बाहेर पडायला वाटच नसते. काही तासांत त्याचा जीव जाऊ शकतो.

अशा वेळी समोरचा चारा काढून घ्यावा आणि ताबडतोब पशुवैद्याला बोलवावे. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा निःशुल्क क्रमांक आहे. डॉक्टर येईपर्यंत, घोडा चालू शकत असेल, तर त्याला सावकाश फिरवावे. तो जोरात लोळत असेल, तर त्याच्या पायांपासून दूर राहावे. नाळीने किंवा बाटलीने घरगुती औषध ओतू नये. ते फुप्फुसात गेले, तर दुसरेच संकट उभे राहते. डॉक्टर पहाटे येतील, उपचार करतील आणि म्हणतील, “आता दिवसभर कोणीतरी याच्याजवळ थांबा.” सकाळी दहाला तुम्ही कोठे असाल? परीक्षेच्या वर्गात, की तबेल्यात?

या प्रश्नाचे उत्तर त्या रात्री शोधायचे नसते, घोडा घेण्यापूर्वी शोधायचे असते. ज्याला घोड्याची सवय आहे आणि जो तुमच्या जागी उभा राहील, असा दुसरा माणूस घरात किंवा शेजारी आहे का? नसेल, तर घोडा घेण्याची वेळ अजून आलेली नाही.

आणखी एक हिशेब उरला. तुमची पदवी तीन-चार वर्षांची आहे. घोडा मात्र पंचवीस वर्षांपर्यंत, कधी त्याहूनही अधिक जगतो. अठराव्या वर्षी पाच वर्षांचा घोडा घेतला, तर तुम्ही अडतीस वर्षांचे व्हाल तेव्हा तो म्हातारा झालेला असेल. मधल्या काळात नोकरीसाठी तुम्ही पुण्याला जाल, कदाचित आणखी दूर. मग घोड्याचे काय? सोय नसली, की तो विकला जातो. या हातातून त्या हातात जातो. प्रत्येक हात प्रेमाचा असतोच असे नाही.

मग इच्छा सोडून द्यायची का? मुळीच नाही. तिला थोडी वाट पाहू द्या. तुमच्या गावात वरातीचा घोडा ठेवणारे कोणी चाचा असतील. त्यांच्याकडे एक वर्ष जा. पहाटे लीद काढा, तोबरा बांधा, खरारा करा. लग्नसराईत घोडा थकतो, तेव्हा तो कसा उभा राहतो ते पाहा. पशुवैद्यक शिकायचे असेल, तर शेजारच्या लातूर जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. वर्षभर पाऊस, थंडी, ऊन आणि परीक्षा या चारही दिवसांत तुमचे पाय आपोआप तबेल्याकडे वळले, तर समजा, तुमच्यात शिलेदार तयार होतो आहे.

त्या दिवशी घोडा घ्या. मग घोडा तुमचा होईल आणि तुम्हीही घोड्याचे व्हाल.

शब्दार्थ
शिंगरू – घोड्याचे पिल्लू
चंदी – घोड्याला द्यायचे धान्य
तोबरा – घोड्याच्या तोंडाला बांधायची चंदीची पिशवी
खरारा करणे – घोड्याचे अंग घासून साफ करणे
कडबा – ज्वारीची वाळलेली ताटे
पोटशूळ – पोटातील तीव्र वेदना
काटक – कष्ट सोसणारा

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बारगीर कोणाला म्हणत?
(आ) घोड्याचे वय कशावरून कळते?
(इ) भीमथडी हे नाव कशावरून पडले?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) रक्ताची तपासणी झाल्याशिवाय घोड्याचे पैसे देऊ नयेत.
(आ) घोड्याला एकदाच मोठा भारा टाकून चालत नाही.
(इ) घोडा घेण्यापूर्वी दुसरा माणूस शोधावा लागतो.

प्र. ३. वाक्यात उपयोग करा.
डोळे खिळणे, मन हरखणे, घाम फुटणे.

प्र. ४. परीक्षेच्या दिवशी तुमचा घोडा आजारी पडला, तर तुम्ही काय कराल? पाच-सहा वाक्ये लिहा.

उपक्रम : घोड्याशी संबंधित असे दहा शब्द शोधा, जे मराठीत आणि उर्दूत सारखे आहेत. गावातील नालबंदाला किंवा घोडा सांभाळणाऱ्या व्यक्तीला भेटून त्यांचा दिनक्रम लिहा.