जुन्या जीपचे दार खडखडते तेव्हा



उंब्रज, मसूर, चाफळ या पट्ट्यात जुन्या जीपगाड्या अजून दिसतात. दार वाजले की आपण म्हणतो, "जीपच ती, वाजायचीच." आम्हीही असेच म्हणत होतो. आवाज बंद व्हावा म्हणून आम्ही चौकटीत सायकलच्या ट्यूबचे तुकडे कोंबले. आवाज थांबला, पण दार फुगून राहिले आणि लॉकची जीभ अर्धीच अडकू लागली. मागच्या गळीत हंगामात चाफळ रस्त्याच्या एका वळणावर ते दार भस्सकन उघडले. दाराशी घरचे पोर बसले होते. शेजारच्याने दंड धरला म्हणून निभावले.

मुळात या गाडीला दार नव्हतेच. 1941 साली अमेरिकेत लष्करासाठी विलीज जीप निघाली ती उघडीच. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी ती मुंबईत जोडायला घेतली. पुढे अनेकांनी आपापल्या गावच्या कारागिरांकडून पत्र्याचा टप आणि दारे बसवून घेतली. त्यामुळे एका जीपचे दार दुसरीला नीट बसेलच असे नाही, आणि फटही प्रत्येकीची निराळी.

आधी दुखणे कुठे आहे ते शोधावे. दार अर्धे उघडून मुठीच्या बाजूने दोन्ही हातांनी वर उचलून पाहावे. खालीवर हलले तर दोष बिजागरीत. बिजागरी बॉडीपासून सुटून हलत असेल तर बोल्ट आवळले की भागते. पण पीन तिच्या भोकात खेळत असेल तर पीन झिजली, आणि बहुधा भोकही लांबोळे झाले. अशा वेळी लेथवाल्याकडून भोक गोल करून त्याच मापाची जाड पीन घालावी. पीन काढण्याआधी दाराखाली लाकडी ठोकळा द्यावा आणि जोडीला माणूस घ्यावा. दार जड असते, बोटे सापडतात.

बिजागरी झाल्यावरच लॉकला हात लावावा. आम्ही उलटे केले आणि दोनदा खोलावे लागले. दार लावून आतबाहेर हलवावे. हलले तर चौकटीवरची लॉक अडकायची पट्टी सैल करून किंचित आत सरकवावी. जुन्या जागेची खूण आधी पेन्सिलीने करून ठेवावी. जीभ पूर्ण बसते की नाही ते बाहेरून दार ओढून बघावे. जीभच झिजली असेल तर लॉक बदलावे, तिथे काटकसर नको.

रबर सगळ्यात शेवटी. कागदाची पट्टी मध्ये धरून दार लावावे आणि पट्टी ओढावी. सहज निसटली तर तिथे रबर दबत नाही. रबर फार जाड घेऊ नये, नाहीतर आमच्या ट्यूबसारखी गत होते.

एवढे करूनही वाजले तर दारावर मूठ मारून ऐकावे. आत सुटलेला नट असतो, नाहीतर काचेच्या खाचेतली नमदा-पट्टी गेलेली असते. दाराच्या तळाची पाणी जायची भोकेही तारेने मोकळी करावीत. माती अन् पाचटाचा भुगा साचून पत्रा तिथूनच सडतो.

आमच्या गाडीला दीड दिवस लागला. दार आता हलक्या हाताने लागते. टप अजून वाजतो, त्याचे पावसाळ्याआधी बघू.