बोंड फोडून बघा

आमच्या बेज्जूरकडची कपाशी पावसाच्याच भरवशावर. जून-जुलैत सरकी टोकली की दसऱ्याच्या सुमारास पऱ्हाटी बोंडांनी वाकते, आणि धुऱ्यावरून पाहणाऱ्याला वाटतं, यंदा साधलं. गुलाबी बोंडअळी असेल तर हे धुऱ्यावरून पाहणंच घात करतं. आमच्याकडे एका हंगामात बोंडं हिरवीगार, टणक, कुठे भोक नाही. वेचणीला मात्र कित्येक नीट उमललीच नाहीत. जी उमलली त्यांत पिवळट, चिकटलेली कवडी. वेचणाऱ्या बायांनी सरळ सांगितलं, किलोच्या भावानं परवडत नाही, रोजानं द्या.

अंड्यातून निघालेली अळी लगेच बोंडात शिरते आणि शिरल्याचं भोक बोंड वाढता वाढता बुजून जातं. मग वरून कितीही फवारा, औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. त्या वेळी एका दुकानदारानं तीन बाटल्या एकत्र मारायला लावल्या. अळी आत सुखरूप राहिली, मित्रकिडे मेले अन् पांढरी माशी वाढली. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं दगावली. मिश्रण सुचवणाऱ्याला आधी हे ऐकवावं.

‘बियाणं बीटी आहे ना?’ हे अजून ऐकू येतं. अळी मारणारं जनुक घातलेलं बीटी 2002 ला आलं, दोन जनुकांचं 2006 ला. हिरवी बोंडअळी त्यानं बऱ्यापैकी आवरली. गुलाबीनं मात्र 2010 च्या सुमारास गुजरातेत पहिलं जनुक पचवलं, पुढच्या काही वर्षांत दुसरंही. बियाण्यासोबत बिगर-बीटीची छोटी पुडी मिळायची. साध्या झाडांवर वाढलेल्या पतंगांचा बीटी पचवणाऱ्या पतंगांशी संकर व्हावा, म्हणजे ती ताकद पुढच्या पिढीत पातळ होते, यासाठी ती. बहुतेकांनी ती फेकली, कारण दुकानात कुणी सांगितलंच नाही.

तेव्हा हातानं बघायचं. फुलोऱ्यात गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहिलेलं फूल दिसलं की ती डोमकळी; तोडून उघडा, आत अळी सापडेल. एकरी दोन कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग आले तर उपाय करायची वेळ झाली. त्याहून खरी परीक्षा बोंडांची: एकरातून फिरून 20 हिरवी बोंडं आणा आणि अंगठ्यानं दाबून फोडा. सालीच्या आतल्या बाजूला बारीक पुटकुळी दिसते, सरकीपाशी काळसर डोक्याची पांढरट अळी. गुलाबी रंग तिला नंतर चढतो. 20 पैकी दोन बोंडांत सापडली की अजून आत न शिरलेल्या अळ्यांसाठी फवारणीचा विचार करा, तोही कृषी खात्याला विचारून, तोंड-हात झाकून.

सगळ्यात मोठी गोष्ट फरदडीची, म्हणजे हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवण्याची. या अळीचं पोट जवळपास कपाशीवरच. हंगामाअखेर ती दोन सरक्या जोडून त्यांच्यात झोपते आणि पुढच्या पिकाची वाट पाहते. चार पैशांसाठी मार्चपर्यंत पऱ्हाटी उभी ठेवली की तिला वाट पाहावीच लागत नाही. म्हणून मी डिसेंबर संपताच शेतात शेळ्या-गुरं सोडतो, पऱ्हाटी उपटतो, सरपणासाठी घराशेजारी ढीग घालत नाही. जिनिंगच्या आवारातल्या सरकीच्या ढिगाजवळही सापळे हवेत, हे तिथल्या लोकांना मी सांगत असतो. शेजाऱ्याच्या धुऱ्यापलीकडे फरदड उभी असली तर माझ्या सगळ्या मेहनतीला काही अर्थ उरत नाही, त्यामुळे जानेवारीत एक-दोन घरांशी भांडण ठरलेलंच, होऊ देतो.