विषाणूच्या पाठीवरचा उजेड

प्रश्न : विषाणू रिकाम्या कंटेनरसारखा वापरून त्यातून प्रखर प्रकाश काढतात, असं वाचलं. विषाणू मुळात चमकतो का? की जुहूला समुद्र निळा चमकला होता, तसलाच हा प्रकार?
– एक वाचक, न्हावा शेवा

उत्तर : विषाणू स्वतः चमकत नाही. आपल्या किनाऱ्यावर रात्री दिसणारा निळा उजेड बहुधा नॉक्टिल्युका या एकपेशीय जिवाचा असतो. लाट आपटली की प्रत्येक पेशी आपापली लुकलुकते. शेजारणीशी तिचं काही ठरलेलं नसतं.

तुम्ही वाचलंत ते काम अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातलं, बोग्दान द्रॅग्नेया यांच्या गटाचं, २०१९ मधलं. त्यांनी घेतला ब्रोम मोझॅक हा गवतावरचा विषाणू. जळगावच्या केळीवर येणारा सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू, त्याच कुळातला. माणसाला दोघांपासूनही धोका नाही. कंटेनरची उपमा मात्र इथे थोडी फसते, कारण माल आत नाही, बाहेर आहे! एकाच प्रथिनाच्या १८० प्रतींचं हे कवच जेमतेम २८ नॅनोमीटरचं. त्याच्या पृष्ठभागावर चमकणाऱ्या रंगाचे रेणू चिकटवायचे. प्रत्येक कवच हुबेहूब सारखं, म्हणून रेणूंच्या जागाही ठरावीक. इतकी सुबक मांडणी कारखान्यात करून दाखवणं कठीणच.

एरवी असे रेणू दाटीवाटीने बसवले की ते एकमेकांची ऊर्जा गिळतात आणि उजेड मंदावतो. इथे लेझरचा जोरदार, अत्यंत आखूड झोत मारल्यावर उलटं घडलं. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर. तिच्यापुढे अख्खा विषाणू म्हणजे ठिपका. सगळ्या रेणूंना एकच तरंग जवळपास एकाच अवस्थेत भेटतो, आणि तेही एका तालात प्रकाश सोडतात. रॉबर्ट डिकी यांनी १९५४ मध्येच हे गणिताने मांडलं होतं. मात्र उष्णतेच्या धडपडीत हा ताल चटकन मोडतो. म्हणून साध्या खोलीच्या तापमानाला, पाण्यात तरंगणाऱ्या कणांत तो सापडणं मला विशेष वाटतं.

‘प्रखर’ शब्दाने मात्र फसू नका. आदर्श स्थितीत दहा रेणूंचा झोत एका रेणूच्या शंभरपट तीव्र होतो, पण दहापट लवकर विझतो. एकूण ऊर्जा दहा सुट्या रेणूंएवढीच.

ही घाईच उपयोगाची. शरीरातल्या ऊतींचीही लेझरखाली स्वतःची मंद चमक असते आणि ती काही नॅनोसेकंद रेंगाळते. त्याआधीचाच उजेड टिपला, तर विषाणूवरची खूण त्या गर्दीतून वेगळी काढता येईल, अशी या संशोधकांची अपेक्षा आहे.