वाळूत अडकलेला चेंडू

1978 सालची गोष्ट. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे ब्रिटिश ओपन ही गोल्फची मानाची स्पर्धा चालू होती. जपानचा नामवंत खेळाडू नाकाजिमा तिसऱ्या फेरीत सतराव्या खड्ड्याकडे खेळत होता. दोन टोल्यांत चेंडू हिरवळीवर आला. पण पुढच्या हलक्या टोल्याने तो घरंगळत शेजारच्या वाळूच्या खळग्यात, म्हणजे ‘बंकर’मध्ये, जाऊन पडला. तेथून बाहेर पडायलाच त्याला चार टोले लागले. चार टोल्यांच्या त्या खड्ड्याला एकूण नऊ टोले झाले!

निष्णात खेळाडूची ही गत, मग हौशी खेळाडूचे काय? वाळूत असे काय घडते की नेहमीचा टोला तेथे चालत नाही?

प्रथम साधा टोला पाहू. दांड्याचे तोंड थोडे मागे कललेले असते. चेंडू या उतारावर दाबला जातो आणि घर्षणामुळे स्वतःभोवती उलटा फिरू लागतो. एडिंबरोचे भौतिकशास्त्रज्ञ पी. जी. टेट यांनी 1890 नंतरच्या दशकात दाखविले, की या उलट्या फिरकीमुळे हवा चेंडूला वर उचलून धरते व तो अधिक दूर जातो. म्हणजे चेंडू वर जातो तो दांड्याच्या कलामुळे आणि फिरकीमुळे. खेळाडूने तो मनगटाने वर उचलायचा नसतो. नवशिका नेमकी हीच चूक करतो. तो उचलायला जातो, दांडा चेंडूच्या डोक्यावर आपटतो आणि चेंडू जमिनीलगत धावतो.

बंकरमध्ये तर दांडा चेंडूला लागूच द्यायचा नसतो! तो चेंडूच्या मागे सुमारे 5 सेंमी अंतरावर वाळूत शिरतो, चेंडूखालून जातो आणि उडालेली वाळूच चेंडूला बाहेर फेकते. यासाठी किती जोर लागेल? समजा, 10 सेंमी लांब, 5 सेंमी रुंद व 2 सेंमी खोल असा वाळूचा थर उडाला. त्याचे घनफळ 100 घन सेंमी झाले. वाळूची घनता दर घन सेंमीला 1.6 ग्रॅम धरली, तर तिचे वस्तुमान 160 ग्रॅम. चेंडू जेमतेम 46 ग्रॅमचा! बहुतेक ऊर्जा वाळू उडविण्यात व घर्षणात खर्ची पडते. म्हणून चेंडू चार-पाच मीटरच न्यायचा असला, तरी दांडा जोराने आणि न थांबता फिरवावा लागतो. भीतीने मध्येच हात आखडला, की चेंडू होता तेथेच राहतो.

पण पूर्वीच्या दांड्याची धारदार कड वाळूत खोल रुतून बसे. अमेरिकेच्या जीन सॅराझेनने यावर उपाय शोधला. विमानाच्या शेपटीची हालचाल पाहून आपल्याला ही कल्पना सुचली, असे तो सांगे. त्याने दांड्याच्या डोक्याच्या तळाशी धातू डाखून मागची कड पुढच्या कडेपेक्षा खाली आणली. त्यामुळे वाळू तळाला वर ढकलते, दांडा रुतत नाही, सरकत पुढे जातो. हाच दांडा वापरून सॅराझेनने 1932 ची ब्रिटिश ओपन जिंकली.

उंच गवतातील अडचण निराळी. तेथे गवताची पाती दांडा आणि चेंडू यांच्यामध्ये चिरडतात. त्यांच्या ओलाव्याने घर्षण कमी होते, फिरकी घटते आणि चेंडू जमिनीवर पडल्यावर न थांबता दूर पळतो. म्हणून शहाणा खेळाडू जास्त कललेला दांडा घेतो, तो वरून खाली जरा उभा आणतो आणि थोड्या अंतरावर समाधान मानतो.

चढावर आणखी एक हिशेब येतो. खेळाडू चढाला समांतर उभा राहिला, तर चढाचा कोन दांड्याच्या कलात मिळतो. 34 अंशांचा दांडा 8 अंशांच्या चढावर 42 अंशांसारखा वागतो. चेंडू उंच जातो, पण जवळ पडतो. उतारावर हेच उलट घडते : 34 मधून 8 वजा.

आता हा प्रयोग करून पाहा. परातीत चार-पाच सेंमी जाडीचा कोरड्या वाळूचा थर पसरा. पोलादी पट्टी तिरपी धरून तिची कड पुढे ढकला. ती खाली रुतत जाईल. मग डावाची फुगीर पाठ खाली ठेवून तो तसाच ढकला. तो वाळूवरून सरकेल. सॅराझेनची युक्ती तुमच्या हातालाच कळेल. नंतर वाळू ओली करून तोच प्रयोग पुन्हा करा. काय फरक पडला आणि का, हे वहीत लिहा व आपल्या शिक्षकांशी त्याची चर्चा करा.